देणे की भिणे?



ज्येष्ठ महिन्यात संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून निघते, चिखली, देऊळगाव राजा या वाटेने जालना जिल्ह्यात येते आणि पुढे अंबडवरून गोदावरी ओलांडून बीडकडे जाते. नेमका याच दिवसांत मृग लागलेला असतो. वारकऱ्याच्या मुखी नाम असते हे खरे. पण विसाव्याच्या जागी चार शेतकरी वारकरी टेकले की बोलणे पावसावर आणि पेरणीवर येते, हेही तितकेच खरे आहे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. ज्याने तिफण लेकाच्या हाती सोपवून पंढरीची वाट धरली आहे, त्याचे निम्मे चित्त वावरात असायचेच.

गेल्या वर्षी अंबडच्या अलीकडे एका लिंबाखाली आम्ही असेच बसलो होतो. घनसावंगीकडचे एक वृद्ध माळकरी, ज्यांना सारे आबा म्हणतात, पाय चोळीत मला म्हणाले, ''महाराज, तुम्ही कीर्तनात सांगता की जीवमात्रावर दया करा. मग मला एक सांगा. ते शेतीचे साहेब लोक म्हणतात, तुरीला वरून युरिया टाकू नका, तिच्या मुळाला गाठी राहतात, गाठीत जिवाणू राहतात, ते हवेतून खत आणून देतात. असेल बापा. पण तूर म्हणजे आमचं लेकरूच की. लेकराला जेवू घालताना कुणी मोजून घालतं का? थोडं जास्ती पडलं तर काय बिघडलं?''

भोवतालच्या मंडळींनी माना हालविल्या. मी मात्र गप्प राहिलो. उत्तर सुचले नाही हे एक कारण. दुसरे असे की उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता, कारण आदल्या वर्षी मीही तेच केले होते. ते पुढे सांगेन. तूर्त एवढेच की आबांचा प्रश्न खताचा दिसला तरी तो खताचा नाही. गरजेहून अधिक देणे हे प्रेमाचे लक्षण की आणखी कशाचे, असा तो प्रश्न आहे. आणि तो वावरात जितका लागू आहे तितकाच घरातही लागू आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते समजून घेऊ. आपल्या वाडवडिलांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण बेवड ठाऊक होते. मुगाच्या, हरभऱ्याच्या बेवडावर पुढचे पीक जोरात येते, कपाशीत नाहीतर ज्वारीत तुरीची तासे धरावीत, हे त्यांना पोथीने शिकविले नाही, वावराने शिकविले. असे का होते, एवढे मात्र उमगले नव्हते. द्विदल पीक मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र घेते, हे जर्मनीतील हेलरीगेल या शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखविले. दोनच वर्षांनी, १८८८ साली, हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढविला. आपल्या देशात या जिवाणूंचा अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली केला, आणि १९५६ पासून त्यांची संवर्धके तयार करून विकण्यास आरंभ झाला. या जिवाणूंना रायझोबियम म्हणतात. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ मुळाशी जगणारा असा होतो. नाव किती यथार्थ आहे पाहा.

आता त्याचे काम पाहा. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या शंभर भागांत ७८ भाग नत्रच असतो. वावरावर नत्राचा जणू समुद्र उभा आहे, आणि पीक मात्र नत्रावाचून पिवळे पडते. कारण हवेतल्या नत्राचे दोन दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठीने बांधलेले असतात. ती गाठ सुटल्यावाचून पिकाला त्याचा काही उपयोग नाही. कारखान्यात ती सोडवायची तर चारशे-पाचशे अंशांची उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. हेच काम डोळ्यांना न दिसणारा जिवाणू काळ्या मातीत, पावसाळ्याच्या गारव्यात, बिनआवाज करतो.

पण तो एकटा करीत नाही, हे ध्यानात धरण्यासारखे आहे. तुरीचे कोवळे मूळ मातीत एक विशिष्ट द्रव्य सोडते. ते ओळखून जिवाणू उत्तरादाखल आपले द्रव्य सोडतो. खूण पटली म्हणजे मुळावरचा बारीक केस वाकतो, जिवाणूला आत वाट मिळते आणि तेथे गाठ धरते. पुढे झाड आपल्या पानांत सूर्यप्रकाशाने बनविलेली साखर जिवाणूला देते, आणि जिवाणू त्या साखरेच्या बळावर हवेतला नत्र फोडून झाडाला देतो. मातीत सुटा असताना हा जिवाणू हे काम सहसा करीत नाही. आणि जिवाणूवाचून तूर तर ते करूच शकत नाही. दोघांची भेट झाली तरच ते घडते. शिवाय प्रत्येक पिकाचा सोबती वेगळा. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या उपयोगी नाही आणि सोयाबीनचा तुरीला म्हणावा तसा लागू नाही.

जिवंत, कामाला लागलेली गाठ नखाने फोडली तर आतून तांबूस निघते. आपल्या रक्तात जे लोहयुक्त रंगद्रव्य असते त्याच्याच जातीचे द्रव्य तेथे असते. जिवाणूला श्वासापुरता प्राणवायू मिळावा, पण नत्र फोडण्याचे नाजूक काम प्राणवायूने बिघडू नये, एवढा तोल ते राखते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करीत नाही असे समजावे.

येथे कोणी म्हणेल, ''महाराज, तुम्ही आता रासायनिक खताला शिव्या देणार.'' मी देणार नाही. हाबर याने १९०९ साली हवेतून अमोनिया बनविण्याची रीत साधली आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे तिचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच विद्येतून पहिल्या महायुद्धात दारूगोळाही झाला आणि पुढे जगभर खतही झाले. आज पृथ्वीवरील जवळजवळ निम्म्या माणसांच्या ताटातले अन्न या खताच्या आधारावर उभे आहे. ज्या पोत्याने भुकेल्याला भाकरी दिली त्याला पाप म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. ज्वारीला, गव्हाला, उसाला असा सोबती नाही. त्यांना नत्र बाहेरून द्यावाच लागतो, मग तो शेणखताचा असो की पोत्यातला असो. तेव्हा युरिया वाईट की चांगला, हा आपला प्रश्न नाही. ज्याच्या घरी अन्न शिजते आहे त्याच्या दारात रोज भरलेले ताट नेऊन ठेवल्याने काय होते, हा आपला प्रश्न आहे.

काय होते ते आता सांगतो. जमिनीत तयार नत्र मुबलक असला म्हणजे तुरीचे मूळ जिवाणूला फारसे बोलावीत नाही. गाठी थोड्या धरतात, ज्या धरतात त्या बारीक राहतात, आणि धरलेल्याही लवकर काम थांबवितात. यात झाडाचा आळस नाही. जिवाणूला पोसायला झाडाला आपली कमाईची साखर मोजावी लागते. नत्र आयता मिळत असेल तर ती साखर कशाला खर्च करावी, असा त्याचा सरळ हिशेब असतो. झाड आपल्या धर्माने वागते. चुकतो तो देणारा. आपण वरून फेकलेल्या मुठीने दोन जिवांचे नाते तोडले, हे त्याच्या गावीही नसते. कारण जे तुटले ते मातीखाली होते आणि जे वाढले ते डोळ्यांसमोर हिरवेगार उभे होते.

हिशेब सांगतो, म्हणजे हे केवळ शब्दांचे कीर्तन राहणार नाही. आपल्या जिल्ह्यात बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तुरीच्या ज्या वाणांची नावे बी.डी.एन. या अक्षरांनी सुरू होतात, ती अक्षरे बदनापूरची होत. बी.डी.एन. ७११ किंवा वांझ रोगाला दाद न देणारा बी.एस.एम.आर. ७३६ हे वाण आपल्यापैकी पुष्कळांनी पेरले असतील. तुरीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी साधारण १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोंच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. म्हणजे एकरी एक पोते पेरणीच्या वेळी दिले की नत्र आणि स्फुरद यांचा हिशेब जवळजवळ पुरा झाला. हा थोडा नत्र रोपाच्या बालपणापुरता, गाठी कामाला लागेपर्यंतचा. स्फुरद मात्र गाठींनाही हवा असतो. यानंतर आपण जे युरियाचे पोते टाकतो, त्या ४५ किलोंत २० किलोंहून अधिक नत्र असतो. शिफारशीच्या दुप्पट नत्र आपण सवयीने, कोणी न मागता, वरून देतो.

आता माझी गोष्ट. मला चार एकर वावर आहे. आदल्या वर्षी श्रावणात झड लागली. आठ दिवस ऊन नाही, काळ्या जमिनीत पाणी साचलेले. मुळांना हवा मिळाली नाही म्हणजे गाठींचेही काम थंडावते, आणि तूर पिवळसर दिसू लागते. पाणी काढून द्यायला चर मारावयाचा होता. तो मारण्याचा मी कंटाळा केला. शेजाऱ्याने युरिया फेकला आणि चार दिवसांत त्याची तूर काळीभोर हिरवी झाली. बांधावरून येणारे जाणारे त्याच्या वावराकडे पाहत आणि मग माझ्याकडे पाहत. मी दुसऱ्याच दिवशी उधारीवर दोन पोती आणली आणि फेकली. त्या रात्री झोप चांगली लागली.

पुढे तूर माणसाएवढी उंच झाली, पाल्याने भरली. शेंगा म्हणाव्या तशा धरल्या नाहीत. हे केवळ युरियाने झाले असे मी म्हणणार नाही. फुलोऱ्यात ढगाळ हवा होती, अळीही पडली. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. युरिया फेकून काही दिवस झाल्यावर एक झाड मुळासकट उपटून पाहिले. मुळे जवळजवळ उघडी होती. ज्या दोन-चार गाठी होत्या त्या फोडल्या तर आतून पांढऱ्या. साचलेल्या पाण्याने किती आणि युरियाने किती, हे मला सांगता येत नाही. पण पाण्यापासून मी त्यांना सोडविले नाही आणि वर युरिया ओतला, एवढे खरे. तेव्हा मनाला विचारले की तू हे का केलेस? तुरीवरच्या प्रेमाने केलेस काय? प्रेम असते तर चर मारला असता, कारण तिला हवा पाहिजे होती. मी जे केले ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला भिऊन आणि रिकाम्या खळ्याला भिऊन केले. देणारा हात माझा होता, पण त्याला हालविणारे भय होते.

या भयाला मी हसत नाही. ज्याने २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्यात पाहिला आहे, ज्याच्या डोळ्यांदेखत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि ज्याने पोटच्या झाडांवर कुऱ्हाड चालविली, त्याच्या मनात भय राहिले तर ते पाप नव्हे. ते घाव आहेत. परंतु घाव झालेल्या माणसाने आपल्या घावाला दया असे नाव देऊ नये. नाव चुकले की उपाय चुकतो. भयाने दिलेल्याला पुरे कधी वाटत नाही. एक पोते टाकले तर दुसरे का नाही, असे ते विचारतच राहते. प्रेमाने देणारा मात्र थांबू शकतो, कारण त्याचे लक्ष घेणाऱ्याकडे असते.

आता आबांच्या लेकराकडे येऊ. आई मोजत नाही, हे खरे काय? आई वाटीने मोजत नाही एवढेच. तिचे माप डोळ्यांत असते. लेकराला ताप असला तर पुरणपोळी घरात असूनही ती पेज पाजते. लेकरू स्वतःच्या हाताने घास घेऊ लागले की ती भरविणे थांबविते, आणि त्याने सांडले तरी सांडू देते. जी भरवीतच राहते तिच्या लेकराचा हात तयार होत नाही. आपण सगळे हे जाणतो. आणि तरी आपल्यापैकी किती जणांनी मोठ्या झालेल्या मुलाच्या हातात न मागता पैसा ठेवून त्याचा हात लुळा केला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. मी स्वतःला त्यातून वगळीत नाही.

वारीतला अनुभव पाहा. गावोगाव लोक दिंडीला जेवू घालतात. तीन कोसांत तीन पंगती होतात. एक यजमान ''माउली, अजून एक, माझ्यासाठी एक'' म्हणून पानात वाढीतच राहतो. दुसरा यजमान आधी पायांकडे पाहतो, ऊन पाणी आणून देतो आणि विचारतो, ''माउली, काय पाहिजे?'' पहिल्याच्या आग्रहाने पोट बिघडून मागे ट्रकमध्ये पडलेले वारकरी तुम्ही पाहिले आहेत, मीही पाहिले आहेत. पहिल्याचे मन वाईट होते असे नव्हे. पण त्याला आपले देणे दिसत होते, आणि दुसऱ्याला समोरचा मनुष्य दिसत होता. पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. ती दया अशासाठी की गाढव तहानेले होते, आणि नाथांनी ते पाहिले. तहान न पाहता ओतलेले पाणी पुण्याच्या खात्यावर जमा होईल, असे मला वाटत नाही.

''बरे, जास्त पडले तर माझे चार पैसे गेले. दुसऱ्याचे काय गेले?'' अशीही एक शंका येते. जाते, दुसऱ्याचेही जाते. पिकाने न घेतलेला नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत, बोअरमध्ये जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, अशी आपल्या देशाच्या मानकाची मर्यादा आहे. ती फार ओलांडली गेली तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताला प्राणवायू वाहणे कठीण होते. म्हणजे माझ्या भयाची मूठ शेजारणीच्या बाळाच्या दुधात जाऊ शकते. आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो, हे योग्यच आहे. पण जी दया डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरतीच थांबते, ती अपुरी आहे असे म्हणणे प्राप्त आहे. मातीतला जिवाणू दिसत नाही, पाण्यातले विष दिसत नाही. म्हणून त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य संपत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचीही चूक सांगितली पाहिजे, नाहीतर मी तोल सोडला असे होईल. काही मंडळी जिवाणूच्या पाकिटाला अंगाऱ्यासारखे समजतात. पाकीट लावले की झाले, मग पाहावयाला नको. हीही श्रद्धा नव्हे. पाकिटात जीव असतात आणि जीव मरतात. मी एकदा पत्र्याखाली, उन्हाच्या तावात ठेवलेले पाकीट एका दुकानातून आणले, मुदत पाहिली नाही, आणि ते बियाण्याला लावून निश्चिंत झालो. गाठी काही वेगळ्या दिसल्या नाहीत. पुन्हा असे आहे की जेथे तूर, मूग, उडीद पिढ्यान्‌पिढ्या पेरले जात आहेत तेथे त्यांचे जिवाणू मातीत आधीच असतात. तेथे पाकिटाचा लाभ कधी ठळक दिसतो, कधी थोडा. सोयाबीन आपल्या मातीला नवे होते, त्याचा सोबती येथे नव्हता. म्हणून ज्या वावरात ते प्रथमच पेरावयाचे तेथे त्याचा जिवाणू लावण्याला विशेष महत्त्व आहे. जेवढे खरे तेवढेच सांगावे. चमत्कार सांगून लोकांना ओढले तर पहिल्याच उघडीपीत त्यांचा विश्वास करपतो.

तेव्हा करावयाचे ते असे. पाकिटावरील पिकाचे नाव आणि मुदत वाचावी, आणि ते घरात गार जागी ठेवावे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, किंवा द्रवरूप असेल तर १०० मिलिलिटर, हे प्रमाण. पातळ गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, साल निघेल असे घासू नये. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. रासायनिक खतात ते बियाणे मिसळू नये. आणि पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी दोन-चार झाडे मातीच्या ढेकळासकट हलकेच काढून, मुळे पाण्यात धुऊन, गाठी फोडून पाहाव्यात. तांबूस असतील तर हात आवरावा. नसतील तर जाणकाराला झाड दाखवून विचारावे, आणि त्याने खरोखर गरज सांगितली तर नत्र जरूर द्यावा. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको सुरू केली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवतात ते मोजण्याची रीत आपल्याकडे पोराबाळांनाही माहीत आहे. दाण्याची परीक्षा घेतो, मग मुळाची का घेऊ नये? परीक्षा घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. ज्याच्यावर विसंबावयाचे त्याची ओळख करून घेणे, एवढाच तिचा अर्थ.

त्या दिवशी लिंबाखाली यातले फारसे मला बोलता आले नाही. मी आबांना एवढेच म्हणालो, ''आबा, मी तुम्हाला सांगणारा कोण? मी स्वतः चुकलेलो आहे. पण सगळ्या वावराची जोखीम घेऊ नका. सहा तासं तेवढी ठेवा. त्यांना पाकीट लावा, पेरणीचं खत द्या, वरून काही देऊ नका. आणि आपण दोघं बघू.'' आबा हसले. म्हणाले, ''सहा तासांनी काही मी मरत न्हाई. बघू.'' लगेच विसावा संपला, टाळ वाजले आणि आम्ही उठलो. वारीहून परतल्यावर आबांनी लेकाला विचारले, तर लेकाने फोनवरचा निरोप मानून सहा तासे खरोखरच वेगळी ठेवली होती.

श्रावणात त्यांच्या गावच्या सप्ताहाला माझे कीर्तन होते. काला झाल्यावर आबा देवळाच्या पायरीशी आले ते ओल्या फडक्यात दोन झाडे गुंडाळून. एक सहा तासांतले, एक बाकीच्या वावरातले. दोन्ही मुळे त्यांनी हंड्यातल्या पाण्यात धुतली. पहिल्याच्या मुळाला तुळशीच्या मण्यांसारख्या गाठी दाटलेल्या होत्या. दुसऱ्याला हाताच्या बोटांवर मोजता याव्यात एवढ्याच. आबांनी पहिल्यातली एक गाठ नखाने फोडली. बोटाला तांबडे लागले. भोवती जमलेली पोरे, बायाबापड्या वाकून पाहू लागली. एक आजीबाई म्हणाल्या, ''अगं बाई, याला तर रगत हाय!'' आबा बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ''महाराज, एवढे दिवस ही मंडळी माझ्या वावरात राबायला तयार होती, अन् मीच त्यांना उपाशी धाडत होतो.'' आणि लगेच, शेतकऱ्याच्या सावधपणाने, ''पण रास झाल्यावर बोलू. गाठी काही खाता येत न्हाईत.''

पौषात रास झाली. सहा तासांत आणि बाकीच्या वावरात फार फरक पडला नाही, असे आबांनी प्रामाणिकपणे कळविले. दाणा सारखाच, उतारा थोडाफार इकडे तिकडे. युरियाचे पैसे आणि तो फेकण्याची मजुरी तेवढी सहा तासांपुरती वाचली. एवढेच. मी हे जसेच्या तसे लिहिले आहे. पीक दुप्पट झाले असे लिहिले असते तर वाचणाऱ्याला बरे वाटले असते, पण ते खोटे झाले असते. मला स्वतःला या साध्या उत्तराने अधिक समाधान झाले. जे पोते टाकले नाही त्याच्यावाचून काहीही अडले नाही, म्हणजे इतकी वर्षे ते पोते तुरीसाठी नव्हतेच. आमच्या झोपेसाठी होते.

तेव्हा आबांच्या प्रश्नाला उशिरा का होईना माझे उत्तर असे आहे. लेकराला जेवू घालताना मोजू नये, हे खरे, पण पाहावे. भूक पाहून दिलेला घास थोडा असला तरी पुरतो. न पाहता दिलेले कितीही असले तरी ते देणाऱ्याच्याच मनाचे समाधान करते, आणि पुष्कळदा घेणाऱ्याचे अंगचे बळ व त्याचा मुका सोबती यांना दूर लोटते. उद्या हात पुढे करण्यापूर्वी, मग तो वावरात असो, घरात असो की पंगतीत असो, आपण क्षणभर थांबून स्वतःला विचारावे की हे देणे आहे की भिणे आहे? भिणे असेल तर लाजू नये. ते भय विठ्ठलाच्या पायी ठेवावे आणि खुरपे घेऊन चर मारावा.

आबा यंदा किती तासे ठेवतात ते अजून त्यांनी सांगितलेले नाही. ज्येष्ठात त्या लिंबाखाली भेट होईल तेव्हा विचारीन.

रामकृष्णहरि.